खिळा नसलेली खिडकी

लाँड्रीच्या इस्त्रीखोलीत खिडकी एकच, आणि ती कायमची बंद. इस्पितळाच्या ओल्या चादरी प्रेसखाली गेल्या की वाफ थेट ताईच्या तोंडावर यायची. मानेवर ओला पंचा टाकून तिने किती उन्हाळे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक.

सुरुवातीला ती गप्प बसणारी नव्हती. खिडकी उघडा म्हणून मुकादमाच्या मागे लागली, तर धूळ येते म्हणत त्याने चौकटीत लांबलचक खिळा ठोकला. मालकाकडे गेली. मालक गोड हसला आणि विसरून गेला. शेवटी तिने पकड घेऊन स्वतःच खिळा उपटला. मुकादमाने सगळ्यांदेखत तिचा पाणउतारा केला आणि खिळा पुन्हा ठोकला. तेव्हापासून ताईने नाद सोडला. ‘आपल्या हातात काय आहे?’ हे वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं, की दूध उतू जात असलं तरी ती आधी तेच म्हणे आणि मग गॅसकडे वळे.

तिची लेक गाडी चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. पार्सलच्या गाडीवरची नोकरी तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली होती, तीही लायसन्स मिळालं तर. गाडी मागे घेऊन दोन खांबांमध्ये लावायची होती. दोन्ही वेळा पोरीने खांब पाडला. आता ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“तिसरी तारीख घे की,” ताई म्हणाली.

“कशाला? मला काहीच जमत नाही. आपल्या हातात काय आहे?”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाक्य तिचंच, सूरही तिचाच. पोरीला झापायला तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडाने झापणार? ती तशीच धुसफुसत झोपली.

दुसऱ्या दिवशी कामावर तोच राग घेऊन ती पकड हातात धरून खिडकीकडे निघाली. शेजारच्या प्रेसवरची बाई, जिला सगळे तुरतुरी म्हणत, दचकली.

“अगं, मुकादम ओरडेल!”

“तो निवृत्त होऊन जमाना झाला, बाई.”

“हो की,” तुरतुरी म्हणाली आणि तरीही तिने दाराकडे बघून घेतलं.

पकडीत धरायला खिळाच नव्हता. मागे रंगारी येऊन गेले, तेव्हा कोणीतरी काढला असावा. भोकही रंगाने बुजलं होतं. ताईने तळहाताने दोन दणके दिले. चिकटलेला रंग तडकला आणि खिडकी वीतभर उघडली. वारा आला. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला संतापाने रडू फुटलं.

“मेलं, एवढे उन्हाळे उकडून घेतलं मी! एकदा ढकलून बघायला काय झालं होतं?”

“पण तेव्हा खिळा होताच ना?” तुरतुरी म्हणाली.

“तेव्हा होता.”

संध्याकाळी तिने भावाची खटारा गाडी मागून आणली, घरामागच्या मोकळ्या जागेत दोन बादल्या मांडल्या आणि पोरीला ओढत बाहेर आणलं. खिडकीची हकिगत ऐकून पोरगी वैतागली.

“माझ्या परीक्षेत खिळा खराच आहे, आई.”

“आहे. पण एकच आहे. भर रस्त्यात गाडी चालवतेस, चढावर थांबवतेस. चुकतेस ती फक्त मागे घेताना. याला ‘काहीच जमत नाही’ म्हणतात होय? बस आत!”

पोरगी दार आपटून बसली. गाडी मागे आली, वळली, आणि बादली खडखडत आडवी झाली. ताईचा हात कपाळाकडे गेला. जुनं वाक्य जिभेवर आलंच होतं.

तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून पोरीचा लालबुंद चेहरा बाहेर आला.

“आई, बघत काय उभी राहिलीस? उचल ती बादली!”