रघूची चरबी

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. ज्याला तोंडावर चार शब्द सुनवायचे राहून गेले, तो माणूस डोक्यात बसून राहतो, एवढंच! महाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी पीटी शिकवायचो. दोन हजार सालानंतर कधीतरी दोन वर्षं आम्ही रग्बी खेळलो. हो, रग्बी! हसू नका. त्या दोन वर्षांत अशी माणसं इतकी जमली की आजही विषय निघाला की बायको म्हणते, "आधी बीपीची गोळी घ्या."

मुलं सगळी कबड्डीची. त्यातला रघू एक नंबर. पोलादपूर तालुक्यातला, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. त्याला जिल्ह्याच्या टीममध्ये जायचं होतं. तिथून राज्यावर खेळलं की पोलीस भरतीत उपयोग होतो, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. झोपेतही तेच बोलत असेल.

पहिल्या दिवशी बॉल आला. रघूने तो उलटसुलट फिरवून पाहिला.

"सर, याच्यावर कोन बसला काय हो?"

पण तासाभरात तोच बॉल पोटाशी धरून त्याने पाच जणांना लोळवलं. मी शिट्टी वाजवायची विसरलो.

*

वरून निरोप आला, जुलैत 'प्री-सीझन कॅम्प' घ्या. वरचे म्हणजे मुंबईचे एक ट्रेनर साहेब. मी फोन लावला.

"साहेब, जुलैत लावणी असते. पोरं शेतात असतात."

"म्हणजे ऑफ-सीझनच ना? रिकामेच असतील!"

रिकामे! गुडघाभर चिखलात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कंबरेत वाकून! मी फोन आपटला. तो नेमका प्राचार्यांच्या केबिनमधला होता, त्यामुळे वर मलाच बोलणी खावी लागली.

*

मग आला डाएट चार्ट. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेलं चिकन, संध्याकाळी बनाना शेक. दोन महिन्यांत प्रत्येकाने तीन किलो वजन वाढवायचं!

ओट्स म्हणजे काय ते मलाही धड माहीत नव्हतं. बाजारात आमच्या नेहमीच्या वाण्याकडे गेलो. त्याने आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, डॉक्टरांनी काय सांगितलं? दुखणं जास्त आहे का?"

चिकनचं तर विचारूच नका. श्रावण लागलेला. एका मुलाची आई थेट ग्राउंडवर आली. "सर, तुमी शिकलेली माणसं, आन पोरांना श्रावणात कोंबडी खा सांगता? लाज नाय वाटत?"

चार्ट मुंबईत बनला, शिव्या मी खाल्ल्या.

*

आमच्याकडे बंड्या नावाचा एक मुलगा होता, महाडच्या मिठाईवाल्याचा. वजन ब्याऐंशी किलो. घर ग्राउंडला लागून, तरी वडील स्कूटरवरून सोडायचे. ट्रेनर साहेब महाडला आले, वजनांच्या यादीवर नजर टाकली आणि ओरडले, "हा बघा! आयडियल बॉडी!"

आयडियल बॉडी अर्ध्या राउंडमध्ये बसली. मॅचमध्ये मात्र बंड्याने एक काम चोख केलं. तो बॉलवर पडला. समोरच्या टीमने ओढलं, ढकललं, गुदगुल्यासुद्धा केल्या. पाच मिनिटांनी खालून आवाज आला, "सर, उठू का आता?"

*

ऑगस्टमध्ये वजनं घेतली. आदल्या रात्री दरड आलेली, एसटी बंद. रघू वाडीवरून पोलादपूरपर्यंत चालत आला, तिथून दुधाच्या टेम्पोने महाडला. तसाच काट्यावर उभा. वजन वाढायचं सोडून दीड किलो घटलेलं.

"रोज एवढा चालतोस?" ट्रेनर साहेबांनी विचारलं.

"हां साहेब. फाट्यापर्यंत जायाचा, परत वर चडायचा."

"तेच चुकतंय तुझं! कार्डिओ फार होतोय. आजपासून बंद!"

रघूने मान हलवली. मग जरा विचार करून म्हणाला, "मंग घरी कसा जाऊ?"

*

शेवटी निवड चाचणी. साहेबांनी या वेळी मशीन आणलं होतं. वजनकाट्यासारखंच, वर धातूच्या पट्ट्या. अनवाणी उभं राहायचं. पायातून बारीक करंट जातो आणि अंगात चरबी किती टक्के, तो आकडा येतो.

रघू उभा राहिला. एरर. पुन्हा उभा राहिला. एरर. ओल्या फडक्याने पाय पुसले. एरर! मी वाकून त्याचे तळवे पाहिले. जन्मभर डोंगर तुडवून असे घट्ट झालेले की करंट सोडा, करवंदीचा काटाही आत गेला नसता.

"मशीन बिघडलंय तुमचं!" मी म्हणालो.

"इम्पोर्टेड आहे, सर. तुम्ही उभे राहा बघू."

मी बूट-मोजे काढून उभा राहिलो. आकडा आला. चौतीस!

"बघा! मशीन ओके आहे!" साहेब खूश. शेजारी त्यांचा असिस्टंट फॉर्म भरत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "किती, सर?" साहेब म्हणाले, "चौतीस." त्याने लिहून टाकलं. मी तेव्हा मोजे चढवत होतो.

आठवड्याने यादी आली. रघू अपात्र. कारण: शरीरात चरबी चौतीस टक्के.

माझे चौतीस! मी फोन केले, अर्ज दिले, स्वतः साहेबांच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. "अहो, पोराच्या बरगड्या मोजता येतात, बरगड्या!" उत्तर एकच, "रेकॉर्डला आकडा आहे, सर. आता काही करता येत नाही." असा संताप झाला की परतीच्या एसटीत मी रडलो, लपवत नाही.

दोन दिवसांनी रघूचे वडील कॉलेजात आले. माणूस कधी वाडी सोडून खाली न येणारा. अपात्रतेचा तो कागद त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी करून खिशात ठेवला. मी सगळं सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांनी हात जोडले.

"सर, चूक आमचीच. पोर दमून येतो, आय वाडत राहते." मग खिशातला कागद चाचपत म्हणाले, "रातची एक भाकर कमी करू काय त्याची?"