कपाटवाली बाई

अहेरीकडच्या आमच्या गावच्या बाजारातून मीठ अन् सुक्या मासोळ्या आणल्या, तेच माझं अन् बायकोचं शेवटचं सोबतचं काम.

बाजारात दवंडीवाला उभा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एक डोळा मिटून तो डफडं बडवायचा अन् गालात तंबाखूचा गोळा ठेवूनच बोंबलायचा. त्या दिवशी बोंबलला, "ऐका हो! सरकारी खर्चात कपात!"

तंबाखूपायी लोकांना ऐकू आलं, "सरकारी खर्चात कपाट!" झालं, बाजार पेटला.

"दवाखान्यात औषध नाई, अन् यायले कपाट पाह्यजे?" मासोळीवाली कडाडली.

"सागवान आपल्याच जंगलाचं तोडतीन!" पानवाला म्हणाला.

माझी बायको पुढे झाली. "काऊन भाऊ, कपाटात ठेवाले सरकारजवळ आहे तरी काय?"

त्यानं तंबाखू थुंकली. "कपाट नाई बाई, कपात! खर्च कमी करून राह्यले. उद्यापासून दवंडी बंद. मले काढलं, अन् ते सांगाले मलेच धाडलं!"

सारा बाजार हसला. तोही हसला, पण डफडं पोटाशी धरून. बायको तर घरापर्यंत हसतच आली.

रात्री तिला हिवताप चढला. दवाखान्यात औषध नव्हतंच. पहाटे ती गेली.

सकाळी गल्लीत डफडं वाजलं. नोकरी गेलेला तो दवंडी देत फिरत होता. मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, तसं त्यालाही तिचं ठाऊक नव्हतं.

"ऐका हो! आपली कपाटवाली बाई गेली हो!"

त्या दिवशी त्याच्या तोंडात तंबाखू नव्हती. शब्द न् शब्द साफ ऐकू आला.