मालवण ते कणकवली, हीटर लावून, भर मे महिन्यात

मे महिन्यात मालवणला जाऊ नका, असं सगळे सांगतात. मी गेलो, कारण लीना मुंबईला चालली होती. तिला नोकरी लागली होती, दुपारची रेल्वे कणकवलीहून होती, आणि "मी सोडतो स्टेशनवर" हे वाक्य तिने विचारायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं होतं. रस्ता तासाभराचा. तेवढ्यात तिला मनातलं सांगायचं, नाहीतर मुंबईत सांगणारे पुष्कळ भेटतील. बेत एवढाच.

गाडी जुनी, मी तिचा तिसरा मालक. आदल्या दिवशी कणकवलीत सर्व्हिसिंग करून घेतलं. मेस्त्रीने टायरना काळं पॉलिश मारलं, आरशाला लिंबाच्या वासाचं कायतरी टांगलं आणि म्हणाला, "आता मुंबैक जावन ये."

सकाळी कणकवलीहून निघालो. कसालला हायवे सोडून उजवीकडे वळलं की कट्टा, चौके, मालवण. रस्ता चांगला आहे, फक्त वळणावर एसटी आली तर तो तिचा असतो. कट्ट्याला घावणे खाल्ले. घावणे झकास, चटणी तिखट, पाणी सोबत न्या.

मालवणच्या बाजारपेठेत मात्र मासळीच्या गर्दीत गाडी अडकली आणि तापमानाचा काटा चढत चढत लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ. मी टायरला लाथ घातली. पॉलिश बुटाला लागलं. मेस्त्रीला फोन केला.

"पंखो फिरता काय बघ."

"नाय फिरत."

"मगे पंख्याच्या वायरची पिन लावूक विसारलंय वाटता," तो म्हणाला. आमटीत मीठ विसरल्यासारखा आवाज. "ती खालसून लावूक व्हयी, वरसून तुझो हात पोचूचो नाय. तू हीटर फुल्ल लाव, इंजिनाची गरमी आत येतली. आणि खंय थांबू नको. चलती गाडी वाऱ्यान थंड रवता."

इंजिन निवल्यावर, पाणी भरून, हीटर लावून लीनाच्या दारात गेलो. ती पुढे बसली. मागचं दार उघडून तिचे वडीलही बसले. हे बेतात नव्हतं. फ्रान्सिस मास्तर. हायस्कूलात जन्मभर गणित शिकवलं, मलाही.

"रे, ह्या काय? मे महिन्यात शेकोटी?"

"इंजिनासाठी, मास्तर."

"मेकॅनिकल अर्ध्यार सोडलंस, तां इंजिनाचा नशीब."

मी गिअर टाकला. एरवी भांडलो असतो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, गाडी घेऊन येणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला की गाडी थांबवून "खंय चल्लास?" विचारावंच लागतं. मग गजाली, म्हणजे गप्पा. न थांबता गेलात तर संध्याकाळपर्यंत तुम्हाला माज आल्याचं गावभर होतं. आणि मालवण ते कसाल, दर दुसरा माणूस मास्तरांचा विद्यार्थी. "रे, थांबव जरा." काटा वर. "रे, हयसर थांबव." काटा आणखी वर. चौकेच्या पुढे एकजण खिडकीत डोकं घालून म्हणाला, "मास्तरांनू, आत भट्टी लावल्यात काय?"

कसालच्या नाक्यावर चहाच्या हॉटेलचा मालकच विद्यार्थी निघाला. त्याने मास्तरांना हाताला धरून उतरवलं. काटा रेघेजवळ.

"मास्तर, तुम्ही चाय घ्या. गाडी थांबवूक जमना नाय. आम्ही फेरी मारून येतो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग लीनाकडे. "जावा."

पहिल्या फेरीत मी उकाड्यावर बोललो. हीटर लावलेल्या गाडीत. दुसऱ्या फेरीत हायवेच्या कामावर. तिसरीला लीना ओढणीने कपाळ पुसत म्हणाली, "सांगतलंस काय आता? बाबांचो कप रिकामो जायत."

"माका तू आवडतंस!"

हीटरचा घोंघाट, उघड्या खिडक्या, त्यामुळे आवाज जरा चढला. नाक्यावर कोकम विकणारी बाई उठून उभी राहिली.

"भांडतंस कित्याक?" लीना म्हणाली.

"भांडत नाय. सांगतंय."

ती खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. पुढच्या फेरीत कोकमवाल्या बाईने ओरडून विचारलं, "गो, काय म्हणालंस त्याका?"

"व्हय म्हटलंय!" लीना ओरडली. मग माझ्याकडे वळून, "पण मुंबैक येशीत तेवा रेल्वेन ये."

मास्तरांना नाक्यावरून घेतलं. कणकवलीला रेल्वे मिळाली. ती हात हलवत गेली. एवढं सांगायला एवढी वर्षं का लागली, ते मला ठाऊक नाही.

मास्तर मालवणपर्यंत परत माझ्या गाडीने यायला तयार नव्हते. त्यांना कणकवलीच्याच एसटी स्टँडवर सोडलं. उतरताना म्हणाले, "कसालाक माझो कप पयल्या फेरीतच रिकामो झाल्लो. दुसरो मागवलंय, तिसरो मागवलंय. माका चाय पचना नाय, तुका म्हायत आसा?"

मी दार लावलं, तसे ते खिडकीत वाकले.

"आता कॉलेज पुरा कर. माझा पोट फुकट बिघडवू नको."

घरी आलो तर शर्ट पिळण्याजोगा, आणि घसा बसलेला. पाहण्यासारखं काय पाहिलं म्हणाल, तर समुद्रसुद्धा नाही. तरी असा प्रवास पुन्हा घडणार नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडे गेलो. त्याला काय काय ऐकवायचं ते बाजारपेठेतच ठरवलं होतं. त्याने गाडीखाली शिरून पिन बसवली. टक. पंखा फिरला.

"काय मोठा नव्हता," तो म्हणाला.

मी पिशवीतून मालवणी खाज्याचं पाकीट काढून त्याच्या तेलकट हातात दिलं.

"ह्या कित्याक?"

"सर्व्हिसिंग बरा केलंस म्हणान."