नळीवरचं कुंकू

बाबांची बंदूक माझ्या नावावर झाली ती दादाच्या आळसामुळे. सरकारी कचेरीत खेटे घालायचे म्हटलं की माझ्या या थोरल्या भावाचे गुडघे दुखायला लागतात. "तूच घे गं, तुला भांडायला आवडतं," असं म्हणून त्याने हात वर केले. भांडायला मला आवडतं हे खरंच आहे. तो गुण बाबांकडून आला, आता त्यांची बंदूकही आली. दादाकडे फक्त मतं राहिली, आणि ती तो सढळ हाताने देत असतो.

बाबा गेल्यापासून बंदूक नियमाप्रमाणे शहरातल्या एका शस्त्रविक्रेत्याकडे जमा होती. माझा परवाना आला तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं. दादाच्या गाडीतून आम्ही दोघं ती आणायला गेलो. दुकानदाराने कापड उलगडून ती काचेच्या टेबलावर ठेवली. बाबांच्या कपाटाचा वास आला तिला, तेलाचा आणि जुन्या लोकरीचा. दादा समोर असल्यामुळे मी चष्मा पुसत बसले.

बारा बोअरची दुनळी ती. आजोबा संस्थानच्या जंगलखात्यात होते. सावली गावाच्या पलीकडे त्यांची फिरती असायची आणि ही त्यांच्या खांद्यावर. मुठीत धरायच्या जागी दस्त्याचं पॉलिश कधीच उडालंय, लाकूड पोळपाटासारखं गुळगुळीत झालंय. बाबा रिफायनरीत नोकरीला. करजणजवळच्या आमच्या शेताच्या तुकड्यात रानडुकरं शिरली की रविवारी जाऊन ते हवेत एक बार काढायचे, आणि डुकरांपेक्षा स्वतःच जास्त दचकायचे. त्यांनी आयुष्यात एक पाखरूसुद्धा मारलं नाही. बंदूक पुसण्याची हौस मात्र दांडगी.

दुकानदार उत्साही माणूस होता. "बेन, नवी नक्कोर करी आपुं," तो म्हणाला. अगदी नवी कोरी करून देतो. लाकडाला पॉलिश, नळ्या घासून पुन्हा काळ्याशार निळ्या, भिंतीवर लावली तर लोक बघत राहतील. मग डाव्या नळीवरच्या एका तपकिरी डागावर त्याने अंगठा ठेवला. बोटाच्या पेराएवढा डाग, मधे किंचित खोलगट. "पण आ काट सौथी पहेलां काढवो पडशे." हा गंज सगळ्यात आधी काढावा लागेल.

"काढा की," दादा म्हणाला. "बाबांची वस्तू आहे. बाबांच्या वस्तूवर गंज शोभतो का?"

"थांबा," मी म्हटलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

तो गंज म्हणजे आमच्या आईचं कुंकू होतं.

खंडेनवमीला आमच्या घरी पाट मांडला जायचा. त्यावर बंदूक, बाबांचे पाने-पकडी, विळी, आईच्या कात्र्या, आणि शेजारी तिचं शिवणयंत्र. आई पळीतलं पाणी घालून कुंकू कालवायची आणि अनामिकेने एकेका वस्तूला लावत जायची. बंदुकीची जागा ठरलेली, डावी नळी, दस्त्यापासून वीतभर वर. एकदा पाटावर मांडलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही आणि देवाला लावलेलं कुंकू पुसायचं नाही, हे तिचे नियम. मग ते ओलं कुंकू लोखंडावर रात्रभर तसंच वाळत राहायचं.

आणि बाबा गप्प बसायचे! हेच ते बाबा. एरवी नळीवर आमच्या बोटाचा ठसा दिसला की घर डोक्यावर घ्यायचे. "घामाने गंजतं, कळत नाही का?" मी तर इतकी बोलणी खाल्लीत की आजही लोखंडी कपाटाला हात लावताना आधी पदराला पुसते. दसऱ्याला आपट्याची पानं देऊन झाली की ते यंत्राच्या तेलाची बाटली नि मलमलची चिंधी घेऊन बसायचे. सगळी बंदूक पुसायचे, कुंकवाच्या डागाशी आले की वळसा घालून पुढे जायचे. डाग दरवर्षी तिथेच राहिला आणि मुरत गेला. लोखंडाचं काय होतंय हे त्यांना दिसत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

आई गेली. जुनं घर आवरताना तिचं शिवणयंत्र भंगारात गेलं, साड्या वाटल्या गेल्या, कात्र्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. तिच्या बोटाची खूण उरली असेल तर ती या एका नळीवर. आणि ती सगळ्यात आधी काढायची म्हणे!

मी दुकानदाराला विचारलं, डाग राहू देऊन गंज थांबवता येईल का? त्याने मान तिरकी करून पाहिलं. तेल देऊन थांबेल म्हणाला, पण पाणी अजिबात लागता कामा नये. दरवर्षी पाणी लागलं तर आज ना उद्या नळी कामातून जाणार. म्हणजे एक तर डाग घासून काढायचा, नाही तर डाग ठेवून कुंकू बंद करायचं. दोन्हीकडून आईच जाणार होती. "नोरता पछी लई आवजो," तो समजूतदारपणे म्हणाला. नवरात्रानंतर आणा, तोवर विचार करा.

गाडीत दादा म्हणाला, "अगं, गंज म्हणजे गंज. आई काय त्यात बसलीय?"

मांजलपूरला माझ्या घरापाशी उतरताना मी गाडीचं दार आपटलं. त्याचं चुकत होतं असंही नाही, म्हणून जास्तच राग आला.

पुढचे दिवस मी रोज कपाट उघडायची. डागावर बोट ठेवायची आणि लगेच कपड्याने पुसायची, बाबा ओरडतील म्हणून. खाली सोसायटीत गरब्याचे स्पीकर लागायचे, सुना-लेकी चणिया-चोळी सावरत जिन्यातून पळायच्या, आणि मी या वयात कपाटासमोर उभी राहून आईसाठी रडायची. आई गेल्यावर इतकी रडले नव्हते. तेव्हा बाबा होते, त्यांचं चहापाणी, औषधं, त्यांची भांडणं. आता दोघांबद्दल एकदमच रडू येत होतं.

नवमीला दादा आला. मी पाट मांडला होता. रिकामी बंदूक, विळी, माझी कात्री, त्याचा लॅपटॉप. वाटीत कुंकू काढलं आणि पळी हातात घेऊन तशीच बसून राहिले. पाणी घालायचं की नाही, तेच ठरेना. कोरडं लावावं, म्हणजे बंदूकही राहील आणि रीतही राहील, असा सोयीचा विचार मनात आला होता. दादाला तसं म्हटलंही.

त्याने वाटीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "मी बाबांना हेच सांगितलं होतं."

"कधी?"

"आई गेली त्या वर्षी. त्या नवमीला तू सासरी होतीस. ते एकटेच पाटासमोर बसले होते, वाटी घेऊन. मी म्हटलं, बाबा, कोरडं लावा, गंज तरी नाही लागणार." दादा खिडकीकडे बघत होता. "तर म्हणाले, ती ओलं लावायची."

"आणि?"

"आणि लावलं त्यांनी. ओलं. दरवर्षी लावत होते. मी विसरूनच गेलो होतो गं."

मग मी पळी वाटीत कलती केली. कुंकू कालवलं, अनामिका बुडवली आणि डाव्या नळीवर ठेवली. बोट त्या खोलगट जागेत बसलं. आईचं बोट, मग बाबांचं, आता माझं. मला ते दोघं इतके हवे होते त्या क्षणी की बोट उचलवेना. नळी कामातून जायची तेव्हा जाईल. बंदूक घेऊन मला कुठे शिकारीला जायचंय?

दसऱ्याला सकाळी दादा फाफडा-जिलेबी घेऊन आला. दुकानदाराला फोन करून नाही म्हणून कळवलं का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं. आपट्याची पानं देऊन झाली, चहा झाला. मग त्याने हात धुतले, नीट कोरडे केले आणि माझ्याकडे तेलाची बाटली मागितली. चिंधी घेऊन तो पाटाशी बसला. आयुष्यात कधी बंदूक न पुसलेला माझा भाऊ, अगदी बाबांसारखा वाकून पुसत होता. दस्ता झाला, उजवी नळी झाली. डाव्या नळीवर तो कुंकवापर्यंत आला, क्षणभर थांबला, आणि वळसा घालून पुढे गेला.