फुलचूरची मिस्त्री, माझी मोठीमाय

गाडी जॅकवर चढली की माझी मोठीमाय चाक हाताने फिरवायची आणि डोळे मिटून ऐकत राहायची. रस्त्यावरून ट्रक जावो की कुणी हाका मारो, तिला फक्त ड्रमच्या आतली बारीकशी घास, ब्रेक घासल्याचा आवाज, ऐकू यायची. "आता बोलला," म्हणायची आणि पाना खाली ठेवायची. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. फुलचूरला घरापुढच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. गोंदियाच्या कॉलेजात शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहिले आणि कॉलेजपेक्षा त्या शेडमध्येच जास्त शिकले.

गॅरेज मुळात मोठ्या बाबांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. एकदा चाकाचा अडकलेला नट काढताना पान्यात घातलेला पाइप निसटला, ते उताणे पडले आणि त्यांचा उजवा खांदा कायमचा कामातून गेला. शेड आठवडाभर बंद राहिली. मग एका सकाळी मोठीमायने पदर खोचला आणि दार उघडलं. मोठे बाबा म्हणाले, "लोक हासतीन वो."

"हासू द्या. इतके वर्स तुमच्या हातात पाने कोन देत होतं? कोनता कुठं लागते हे मी आता विसरून जाऊ का?"

लोक हसले. काही जण तिला पाहून गाडी तशीच पुढे घेऊन गेले. ती कुणाच्या मागे गेली नाही.

तिच्या कामात जोर सगळ्यात शेवटी यायचा. नट अडकला असेल तर आधी तारेच्या ब्रशने गंज काढायचा, डिझेल सोडायचं, हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके द्यायचे आणि चहा प्यायला बसायचं. "त्याच्यासंगं भांडू नोको, त्याले मोकळं होऊ दे." मग चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट आधी केसभर आवळायचा आणि नंतर सोडवायचा. मोठ्या बाबांच्या खांद्याने तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. पाइप वर ओढायचा नाही, खाली दाबायचा. "अन् निसटला तं आपुन कुठं पडू, ते आधी पाहून ठेवाचं."

गोंदियाचे ड्रायव्हर हिंदीत घाई करायचे. "अम्मा, जल्दी कर दो ना." ती मान वर न करता म्हणायची, "जल्दी है तो पैदल निकलो भाई, पैदल में ब्रेक नहीं लगता."

एका दुपारी सौंदडचे हिरामणभाऊ गोंदियातली खरेदी आटोपून परतताना जुनी जीप घेऊन आले. मागचं डावं चाक पंक्चर होतं, जवळ स्टेपनी होती, पण नट निघत नव्हते. जीपमध्ये त्यांची म्हातारी आई, बायको आणि लग्नाची मुलगी बसली होती. इटियाडोह धरणाच्या बाजूच्या एका गावात संध्याकाळी त्या मुलीचा साखरपुडा होता. रस्त्यात दोघे जण पाइपवर उभे राहूनही नट हलला नव्हता. हिरामणभाऊंनी मोठीमायकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, मिस्त्री कुठं हाय?"

ती चाकापाशी खाली बसली. बोल्टच्या टोकावरचा चिखल तिने अंगठ्याने पुसला आणि तिथे कोरलेलं 'एल' अक्षर मला दाखवलं. "पाह्य, हे उलटे आटे होय. जुन्या जीपले डाव्या बाजूनं असतेत. हे लोक सोडवून नाही, आवळून राहिले होते." तिने डिझेल सोडलं, ठोके दिले आणि पाना उलट्या बाजूने दाबला. कर्र आवाज होऊन नट सुटला.

चाक निघालं आणि मोठीमायचा चेहरा बदलला. ड्रमची आतली कड ओली होती. तिने ड्रम काढला, बोट फिरवून वास घेतला. ब्रेकचं तेल गळून लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी, भिजला होता.

"स्टेपनी बसवून द्या, बाकी उद्या पाहू," हिरामणभाऊ म्हणाले.

"हे चाक मी बसवत नाही."

"काऊन? गाडी माही हाय!"

"गाडी तुमची हाय, पन आत लेकरू बसलं हाय. धरणाच्या उतारावर ब्रेक लागला नाही तं पाहुन्याले तोंड काय दाखवसान?"

हिरामणभाऊ चिडले, ओरडले. मोठे बाबासुद्धा आतून म्हणाले, "जाऊ दे त्याईले, कार्य हाय घरचं." मोठीमाय सरळ स्टेपनीवर जाऊन बसली. शेवटी जीपमधली म्हातारी बोलली, "हिरामण, चूप बस. उशीर झाला तं पोरगी काही पळून नाही जात."

दोन तास लागले. मोठीमायने ब्रेकच्या सिलिंडरची रबरं बदलली आणि दोन्ही मागच्या चाकांना नवे लायनर बसवले. मी सीटवर बसून पायाने ब्रेक दाबत होते, ती गाडीखालून सांगत होती, "दाब... धर... आता सोड." अशी ब्रेकच्या पाइपातली सगळी हवा काढली. मग चारही चाकांचे ब्रेक चाक अडकेपर्यंत आवळले आणि बारीक घास ऐकू येईल इतके मागे घेतले. शेवटी हिरामणभाऊंच्या शेजारी बसून तिने रस्त्यावर ब्रेक दाबायला लावला. जीप रेघ मारावी तशी सरळ थांबली.

चार दिवसांनी ते पेढे घेऊन आले. धरणाच्या उतारावर म्हशींचा कळप अचानक आडवा आला होता आणि जीप पहिल्या म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली होती. मोठे बाबा उठायला लागले तसे हिरामणभाऊ म्हणाले, "तुमी बसा दादा. मी मिस्त्रीले भेटाले आलो." आणि काळ्या हातांच्या माझ्या मोठीमायपुढे त्यांनी पुडा धरला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

आज मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते. मोठीमाय मागच्या वर्षी गेली. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात मी तिला माझ्या जुन्या गाडीतून सौंदडला एका नातेवाइकाकडे नेलं. त्या गाडीचे ब्रेक मी स्वतः बांधले होते. दुसऱ्याच्या गाडीत बसली की तिचा उजवा पाय वाटभर नसलेला ब्रेक दाबत राहायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निघताना तिने मला एवढंच विचारलं, "चारही चाकं पाहिली ना?" मी हो म्हटलं. गाव मागे पडलं तसं तिने दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली, खिडकीला डोकं टेकवलं आणि सौंदड येईपर्यंत ती घोरत होती.