भिंतीवरचे अकरा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका पेंटरकडे बोट दाखवीन. पेठ त्यांना अण्णा म्हणायची, मीही अण्णाच म्हणत आलो. माझे वडील अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो तो अण्णांच्या पत्र्याच्या खोलीत, त्यांच्या बहिणीच्या घरून येणाऱ्या डब्यातली अर्धी भाकरी खाऊन.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे मी कॉलेजसाठी सोलापुरात आलो. पहिले काही दिवस स्टेशनवर झोपत होतो. संध्याकाळी वेळ जात नसे म्हणून मैदानावर फुटबॉल बघायला जायचो. एकदा गोलच्या मागे उभा असताना चेंडू जोरात अंगावर आला आणि मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. पेठेच्या संघाचं सगळं अण्णा बघायचे. ते चालत माझ्यापर्यंत आले.

"कुठला बे तू?"

"अक्कलकोटचा."

"हितं कुटं ऱ्हातोस?"

मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मग गोलमदी ऱ्हा. झोपायला खोली देतो."

खोली एका थिएटरच्या मागे होती. तिथं अण्णा सिनेमाचे बॅनर रंगवायचे. सरस, टर्पेंटाइन आणि ओलं कापड यांचा वास माझ्या पुस्तकांनाही लागला होता. शुक्रवारी सिनेमा बदलायचा, त्यामुळे गुरुवारी दिवा रात्रभर जळायचा. ते नायिकेचा डोळा रंगवायचे आणि त्याच उजेडात मी अर्थशास्त्र वाचायचो.

अण्णांना वाचता येत नव्हतं. घर तेलुगू विणकरांचं, लहानपणापासून मागावर बसलेले, शाळा अशी कधी नाहीच. पण पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. गिऱ्हाईक कागदावर मजकूर लिहून द्यायचं आणि अण्णा दोरीनं मापं घेऊन ती अक्षरं चित्रासारखी मोठी करायचे. पेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं नवल वाटत नव्हतं.

संघाची यादीही म्हणूनच कागदावर लागत नसे. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी एका चादरीच्या कारखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर अण्णा अकरा खेळाडू रंगवायचे. चुन्याची पांढरी भिंत, त्यावर अकरा चेहरे आणि खाली जर्सीचा रंग. आमच्या जर्सीचा रंगही ठरलेला नसे, त्या हंगामात सूत रंगवणाऱ्यांच्या हौदात जो रंग उरलेला असेल तो. चित्र पुरं होईपर्यंत भिंतीवर जुन्या बॅनरचं कापड टांगलेलं असायचं. संध्याकाळी अण्णा ते खाली ओढायचे, आणि उद्या कोण खेळणार ते पेठेला कळायचं. आपला चेहरा त्या भिंतीवर दिसणं म्हणजे काय, हे त्या पेठेत राहिल्याशिवाय समजणार नाही. बायका पोरांना कडेवर घेऊन बघायला यायच्या.

अण्णांचा एकच जिवलग मित्र होता, आणि तो समोरच्या संघाचा होता. रेल्वे लाइनच्या पलीकडे राहायचा, मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, म्हणून सगळे त्याला जॉबरच म्हणत. मी त्यांना चाचा म्हणायचो. दुसरी पाळी सुटायची, शेवटचा खेळ सुरू असायचा, टांगेवाले थिएटरसमोर पेंगत असायचे, गजरेवाल्याच्या पाटीत दोन-चार गजरे उरलेले असायचे, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेकॉर्ड वाजत असायची. तेव्हा हे दोघे एकाच टेबलाशी बसून एक चहा दोन बशांत ओतून प्यायचे. वीस वर्षं हे चाललं होतं, असं हॉटेलमालक सांगायचे.

माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. त्या वर्षी अंतिम सामना रविवारी आणि माझा पहिला पेपर सोमवारी आला. उपांत्य सामन्यात एक फटका अडवताना माझ्या उजव्या हाताची तर्जनी सुजली. मोडली नव्हती. मी पट्टी बांधून सराव केला. अण्णा बघत होते.

शनिवारी संध्याकाळी भिंतीसमोर नेहमीसारखी गर्दी जमली. चाचाही आले होते. अण्णांनी कापड ओढलं. गोलमध्ये माझा चेहरा नव्हता. कुंभारी गावाहून सायकलवर येणारा, रंगाच्या हौदावर काम करणारा आमचा राखीव गोलकीपर तिथं हसत उभा होता. मी उरलेले दहा चेहरे पुन्हा पुन्हा पाहिले. कुठेच नव्हतो.

"आरं, ग्रॅज्युएटला काडलं की!" मागून कुणी तरी म्हणालं.

"कॉलेजात पास, टीममदी नापास!"

लोक हसले. तेवढ्यात चाचांनी अण्णांना डिवचलं. "क्या रे पेंटर, ये तेरे सेंटर फॉरवर्ड का मुंडी हय क्या लोटा?"

"तुज्या पोरांचं चित्र काडायचं म्हनलं तर नुसत्या पाठी काडाव्या लागतील. पळत्यातच की सारखी."

"हौ? कल हारे तो बोलना. मैं खुद आके सबका मुँह काला करतूं."

सगळी भिंत हसली. अण्णाही हसले. मग ते दुसऱ्या एका थिएटरवर बॅनर चढवायला निघून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला.

रात्री शेवटचा खेळ सुरू झाल्यावर गल्ली रिकामी झाली. खोलीची किल्ली माझ्याकडेच असायची. मी काळ्या रंगाचा डबा आणि रुंद ब्रश घेतला, भिंतीशी गेलो आणि गोलकीपरच्या चेहऱ्यावर फासला. मग थांबलो. एकच चेहरा काळा दिसला तर पेठ माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव घेणार नव्हती. म्हणून मी बाकीचे दहाही काळे केले. रागाच्या भरात झालं, असं पुढे मी स्वतःला सांगत आलो. पण राग पहिल्या चेहऱ्यापुरताच होता. उरलेले दहा मी विचार करून काळे केले.

डबा जागच्या जागी ठेवला. हात टर्पेंटाइननं धुतले. अण्णा आले तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. त्यांनी माझ्या अंगावर चादर टाकली.

सकाळी पेठ भिंतीपुढे गोळा झाली. कुणाचं नाव घ्यायचं हे शोधावं लागलं नाही. आदल्या संध्याकाळी चाचा काय म्हणाले होते ते पन्नास जणांनी ऐकलं होतं. अण्णांनी एका चेहऱ्यावरचा काळा रंग नखानं खरवडून पाहिला. खालचा चेहराही निघून आला.

संध्याकाळी मैदानावर दोन्ही संघ उतरले. अण्णा सरळ चाचांपाशी गेले. मी दहा पावलांवर होतो.

"काळं तू फासलंस."

"अरे, मज़ाक करा था मैं. बीस बरस से मज़ाकच करतूं ना?"

"मस्करी तोंडानं करत्यात. ब्रशनं न्हाई."

"बच्चों की क़सम, मैं नहीं करा."

"लेकरांना मदी आनू नकोस. आजपासनं तुज्या टेबलाला मी बसनार न्हाई."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग आपल्या मुलांकडे वळून म्हणाले, "चलो रे. जिधर भरोसा नहीं उधर खेल कायकू." ते सगळे निघून गेले. सामना झालाच नाही. मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथं सगळं मिटलं असतं, फार तर मला मार बसला असता. मी पट्टी सोडून पुन्हा बांधत राहिलो.

सोमवारी सकाळी अण्णा मला सायकलवर डबलसीट कॉलेजपर्यंत सोडायला आले. फाटकाशी उतरल्यावर त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि सुजलेलं बोट वाकवून पाहिलं.

"दुकतंय?"

"थोडं."

"काल उभा राहिला असतास आन् मोडलं असतं, तर आज कशानं लिवला असतास? माजं पोट हातावर हाय, मला कळतं की."

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर ऐकला असतास व्हय?"

मी तीन तास पेपर लिहिला. काय लिहिलं ते आठवत नाही. पास झालो, दुसऱ्या वर्गात. अण्णांनी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर अण्णांनी त्या भिंतीवर कधीच अकरा रंगवले नाहीत. संघ दोन हंगाम कसाबसा चालला आणि मोडला. मला परभणीकडे शाळेत नोकरी लागली. मी दर महिन्याला अण्णांना पत्र टाकायचो. ते पत्र हॉटेलात जायचं आणि गल्ल्यावर बसलेले मालक ते मोठ्यानं वाचायचे, कारण अण्णांना ते सगळ्यांना ऐकवायचं असायचं. "आमच्या ग्रॅज्युएटचं पत्र हाय, ती रेकॉर्ड बंद करा जरा," असं ते म्हणत, हे मला मालकांनीच एकदा कळवलं होतं. आता या पत्रात खरं कसं लिहायचं? अण्णांना सांगायचं म्हणजे हॉटेलातल्या सगळ्या टेबलांना सांगायचं. हे कारण मला फार उपयोगी पडलं. प्रत्यक्ष जाऊन सांगता आलं असतंच.

एका दिवाळीत गेलोही. अण्णा आणि मी हॉटेलात बसलो होतो. चाचा दारात आले. अण्णांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. चाचा गल्ल्याशी उभ्यानंच चहा प्याले आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "क्या साब, नौकरी लग गई बोले? अच्छा हुआ."

"हौ चाचा," मी म्हणालो.

ते गेल्यावर अण्णांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "काय म्हनला?"

"काही नाही."

त्यानंतर काही वर्षांनी अण्णांचं एक पत्र आलं. अक्षर मालकांचं, बोलणं अण्णांचं. 'जॉबर गेला. रातपाळीत छातीत कळ आली. मी मयतीला त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आन् परत फिरलो. त्यानं ते काम केलं नसंल असं आता वाटाय लागलंय. पर इचारू कुनाला.'

ते पत्र मी दोन दिवस खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वर्गात बसून उत्तर लिहिलं आणि अंधार पडायच्या आत पेटीत टाकलं. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे, ती खाली देतो.

'ती. स्व. अण्णांस, शिरसाष्टांग नमस्कार.

हॉटेलमालकांना विनंती की, हे पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचावं. मधे थांबू नये आणि माझी लाज राखण्यासाठी काही गाळू नये. टेबलांवर जे असतील त्यांनीही ऐकावं, कारण चाचांवर आळ आला तेव्हा त्यांच्यातले पुष्कळ जण मैदानावर होते.

अण्णा, भिंतीवर काळं मी फासलं. तुमच्याच खोलीतला डबा होता, तुम्हीच दिलेल्या किल्लीनं काढलेला. माझं चित्र नव्हतं याचा मला राग आला. आधी एकच चेहरा पुसला, मग आपल्यावर येऊ नये म्हणून सगळे पुसले. चाचांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलांची शपथ घेतली ती खरी होती. मी जवळच उभा होतो आणि गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं बोट हातात घेतलंत तेव्हाही गप्प राहिलो.

तुम्ही मला त्या सामन्यातून काढलंत म्हणून मी आज मास्तर आहे. हे उपकार मी कधी विसरलो नाही. पण मी जे केलं त्याची किंमत चाचांना मोजावी लागली आणि तुम्हालाही, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. तुम्ही विचारलंत, इचारू कुनाला. ते मलाच विचारायला हवं होतं. तुम्ही विचारायच्या आधी मी सांगायला हवं होतं, चाचा होते तोवर.

कुंभारीच्या गोलकीपरलाही हे कळवावं. त्याचा चेहरा भिंतीवर एकच संध्याकाळ राहिला.

मला क्षमा करा असं लिहिणार नाही. तुम्ही चाचांच्या घरी एकटे जाऊ नका. मी रजा काढली आहे, शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. आपण दोघे जाऊ. दार त्यांच्या मुलानं उघडलं तर आधी मी बोलेन, तुम्ही मागे उभे राहा. त्यानं हाकललं तर रविवारी पुन्हा जाऊ.

खोलीवर उतरणार नाही, धर्मशाळेत उतरेन. तुम्ही स्टेशनवर येऊ नका.'