सोमजाईचा मुखवटा आणि राहीबाईचा सोडा

राहीबाईच्या मोरीतल्या फळीवर रंगीत बाटली एकही सापडायची नाही. लोणच्याच्या जुन्या बरणीत मिठात मुरत पडलेल्या लिंबाच्या साली, वाडग्यात चिंचेचा चोथा, आगळ काढून उरलेली कोकमं, चाळून ठेवलेली चुलीतली राख आणि खाण्याच्या सोड्याचा मोठा डबा, एवढाच तिचा सरंजाम. एखादी मुंबईकरीण हे बघून हसते आणि विचारते, "काकी, इथे भांडी घासता की आमटी करता?"

"राख सोडली तर फळीवरचं सगळं मी खाऊन दाखवते," राहीबाई म्हणते. "तू तुझ्या त्या निळ्या पाण्याचा एक घोट पिऊन दाखव."

अशी तिची जीभ. उमरठच्या अंगाला चाळीस घरांची वाडी आहे, तिथं त्या जिभेच्या वाटेला सहसा कुणी जात नाही आणि सणावाराला राहीबाईकडं गेल्यावाचून कुणाचं भागतही नाही. तांब्याची कळशी काळवंडली, समई हिरवी पडली, फ्रिजला सुक्या मासळीचा वास धरला, की पोरी तिच्या ओट्यावर हजर. ती दोन शिव्या आणि मूठभर सोडा देते. शिव्या आधी.

हे शहाणपण तिला फुकट मिळालेलं नाही. लग्नाला चार वर्षं व्हायच्या आत नवरा कावीळ होऊन गेला. सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची म्हटलं, आणि एकदा असं नाव पडलं की ते कुठल्या राखेनं निघतंय? हळदीकुंकवाला नाही, बारशाला नाही, कुठंच बोलावणं नाही. शेवटी तिनं पोलादपूरच्या एका वसतिगृहात भांडी घासायचं काम धरलं आणि सत्तावीस वर्षं सव्वाशे पोरांची ताटं घासली. सुरुवातीला ठेकेदार देईल त्या पावडरीनं घासायची. हात असे फुटले की भाकरी थापताना पिठात रक्ताचे ठिपके उमटायचे. एक दिवस संतापून तिनं पावडरीचा डबा उकिरड्यावर भिरकावला आणि कोठीच्या खोलीत जे होतं त्यावर भागवायला लागली.

चुका भरपूर केल्या. लिंबू आणि सोडा एकत्र कालवले तेव्हा भसाभसा फेस आला, बाईला वाटलं आता गड जिंकला. टोप होता तसाच काळा. तेव्हापासून तिचा कायदा असा: आंबटानं आंबटाचं काम करावं, सोड्यानं सोड्याचं. दोघांना एका भांड्यात बसवलं की जावाजावांसारखी नुसती फसफस, कामाच्या नावानं शून्य.

एकदा जर्मनच्या टोपात दूध करपलं होतं. तिनं त्यात उकळतं पाणी, सोडा आणि थोडं मीठ घालून ठेवलं, आणि ढवळताना बोटातली चांदीची जुनी अंगठी आत घसरली. पाणी निवल्यावर काढली तर काळीकुट्ट अंगठी लख्ख पांढरी. घासणं नाही, रगडणं नाही. तिनं पुन्हा करून पाहिलं, पितळेच्या पातेल्यात, स्टीलच्या टोपात. नाही झालं. जर्मनच लागतं, म्हणजे ज्याला शिकलेली माणसं अॅल्युमिनियम म्हणतात ते. का लागतं ते तिनं कुणाला विचारलं नाही. झालं की झालं.

गेल्या शिमग्यात मुंबईकर मंडळाचा चिटणीस सुहास एक कल्पना घेऊन गावी उतरला. पालखी निघायच्या आधी ग्रामदेवी सोमजाईच्या चांदीच्या मुखवट्याला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान घालायचं. "व्हिडिओ एकदम भारी होईल," तो म्हणाला. टेम्पो केला, ढोल घेतले आणि मंडळी महाडच्या वाटेनं सवला गेली. देवीला हात लावायचा मान वाडीतल्या हैबतीच्या घराचा, म्हणून हैबतीची नवी सून तेजश्री हिनं पाण्यात उतरून मुखवटा धरायचा ठरलं. तासभर देवी पाण्यात ठेवली. बाहेर काढली तर मुखवटा काळा ठिक्कर.

मग जो तो बोलायला लागला. सुहासनं टूथपेस्ट लावून घासून पाहिलं, तर नाकावर ओरखडे उठले. गावात येईस्तोवर उचलली जीभ लावली टाळ्याला, देवी कोपली असं ठरूनही गेलं. का कोपली? हात कुणाचा लागला? लग्नाला तीन महिने झालेल्या पोरीचा.

पालखीला दोन दिवस होते. हैबतीच्या घरात ठरलं की तेजश्रीनं शिमगा होईपर्यंत महाडला माहेरी जावं. नवरा राहुल मुंबईला कामावर, त्यानं फोनवर आरडाओरडा केला, पण फोनवरच्या आरड्याओरड्याला विचारतो कोण. हैबती वाईट माणूस नव्हता. पण चार माणसं ओसरीवर येऊन बसली की त्याची मान खाली जायची, आणि ती तशी दोन दिवस खालीच होती.

राहीबाईला हे कळलं तेव्हा ती कोकमं निवडत होती. हातातलं सूप तिनं बाजूला ठेवलं. शिमग्यापुरतं माहेरी धाडलेली पोर शिमग्यानंतरही तिथंच राहते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला संताप आला.

मागच्या दारानं ती हैबतीच्या घरात शिरली. तेजश्री पिशवी भरत होती.

"काय गो, काय भरतेस?"

"काकी, जाऊ द्या मला." पोरीचे डोळे सुजले होते. "ते म्हणतात ते खरंच असेल. हे बघा." तिनं साडी घोट्याच्या वर घेतली. पायातले चांदीचे पैंजण मुखवट्याइतकेच काळे झालेले. "कुणाला दाखवले नाहीत मी. देवी माझ्यावरच रागावलीय."

राहीबाई खाली वाकली, पैंजण निरखले, नाक जवळ नेऊन हुंगले आणि एकदम हसली. "अगो येडे! देवीला राग आला तर ती तुझ्या पैंजणावर काढेल व्हय? पाण्यात उतरलीस ना तू? किती वेळ?"

"तासभर."

"काढ पैंजण. आणि पिशवी ठेव ती खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं जाऊन तिनं पोलादपूरच्या बाजारातून जर्मनचा कोरा टोप आणला आणि तेजश्रीला घेऊन थेट देवळात गेली. टोपावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. अंगणात सजवत ठेवलेल्या पालखीच्या बाजूला तीन दगड मांडले, पाणी तापत ठेवलं. बघता बघता निम्मी वाडी जमली.

गुरव तडकला. "देवी काय भात हाय, टोपात शिजवायला? ता पण जर्मनच्या?"

"सवच्या पाण्यात घातलीत तवा ती काय शिजत नव्हती?" राहीबाई म्हणाली. "कोरा टोप हाय. यात अजून कुणी पेज पण केली नाय."

सुहास पुढं झाला. "काकी, रिस्क नको. उगाच आणखी सीन होईल. जे झालं ते झालं, आता पोरीला..."

"पोरीचं नंतर. आधी मला सांगा, त्या दिशी पाण्यात कोण कोण उतरलं होतं? चांदी घालून?"

राहीबाई एकेकाचे हात बघत गेली. सुहासचा उजवा हात पँटच्या खिशात होता, आणि तो काही केल्या बाहेर येईना. खाई त्याला खवखवे.

"सुहास, हात बघू."

"अंगठी घट्ट झालीय काकी, सूज आहे."

"म्हणून खिशात? बघू."

हात बाहेर आला. मधल्या बोटातली चांदीची अंगठी कोळशासारखी काळी होती. आधी पोरं हसली, मग बायका, मग गुरवालाही आवरेना. "मी पण घाबरलो होतो काकी," सुहास पुटपुटला, आणि हे मात्र तो खरं बोलला.

"म्हंजे देवी तुझ्यावर पण कोपली म्हणायची," राहीबाई म्हणाली. "चल, तुला पण धाडू तुझ्या सासरी."

तिनं उकळतं पाणी टोपात ओतलं, चार मोठे चमचे सोडा आणि दोन चमचे मीठ घातलं, आणि आधी तेजश्रीचे पैंजण तळाला टेकवून सोडले. पाण्यातून कुजक्या अंड्यासारखा वास वर आला. "हा तर सवच्या कुंडाचाच वास!" कुणीतरी ओरडलं. "मग? त्या पाण्यातलं जे चांदीवर बसून ती काळी झाली, तेच इथं सुटतंय," राहीबाई म्हणाली. थोड्या वेळानं पळीनं पैंजण वर काढले, तर लख्ख पांढरे. दोन दिवसांत पहिल्यांदा तेजश्रीनं मान वर केली.

हैबती आतापर्यंत खांबाला टेकून उभा होता. तो गाभाऱ्यात गेला, मुखवटा घेऊन आला आणि राहीबाईच्या हातात दिला. तिनं कपाळाला लावून तो हलकेच पाण्यात ठेवला. काळा थर आधी कपाळावरून उतरला, मग गालावरून, मग डोळे दिसायला लागले. नाकावरचे टूथपेस्टचे ओरखडे तेवढे राहिले, ते काही राहीबाईच्या सोड्यालाही जमणारे नव्हते.

राहीबाई उठून मागं सरली. "तेजश्री, काढ बाहेर."

"ती नको," मागून एक म्हातारी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

राहीबाईनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी हैबती बोलला. दोन दिवसांत त्यानं पहिल्यांदा मान वर केली होती.

"देवी माझी सूनच काढील."

तेजश्रीनं पळीनं मुखवटा वर घेतला, गार पाण्यानं धुतला, पदरानं टिपला आणि सासऱ्यापुढं धरला. हैबतीनं तो घेतला नाही. "तूच बसव," असं म्हणून तो पालखीजवळून बाजूला झाला आणि त्यानं तिला वाट करून दिली.